औंढ्याची देग

लोणावळा
१२ जानेवारी २०२५

ताजुन्निसा आपास,
धाकट्या महंमदचा सलाम.

एक सभा भरवायला काय लागतं ते आधी सांगतो. पातेलंभर पोहे, विहारातल्या सतरंज्या, शाळेचा कर्णा, आमच्या बेगम नूरच्या दोन शिव्या आणि माझा एक शब्द. पोहे संपले. सतरंज्या झटकून परत गेल्या. कर्णा आधीही घरघरत होता, आताही घरघरतोय. नूर दुपारपर्यंत निवळली. शब्द तेवढा अडकून पडलाय, आणि तो तुझ्याशिवाय सुटायचा नाही.

फोन तू उचलत नाहीस. तुझा इर्शाद उचलतो आणि म्हणतो, "मामू, अम्मी नमाजला बसलीय." सकाळी नमाज, दुपारी नमाज, चहाच्या वेळेला नमाज. मिरजेत तुझी मोठी कीर्ती झाली असणार. म्हणून पत्ता औंढ्याच्या चिमाबाईकडून घेतला आणि पेन हातात धरलं.

धोंडिबा गुरुजींनी औंढ्यात जुन्या शाळेत संग्रहालय मांडलं होतं. गुरुजी गेल्यापासून त्याला वाली नव्हता. छप्पर गळत होतं, जाती-उखळांवर वटवाघळं लोंबत होती. आता पुण्याच्या एका संस्थेनं ते दुरुस्तीला घेतलंय. सुहास नावाचे एक साहेब येतात. माणूस सरळ आहे, चहाला साखर कमी. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मुलाणी, आम्हाला नुसती इमारत नीट करायची नाही, गावाचा सहभाग हवाय. तुमच्याबद्दल बरंच ऐकलंय."

ऐकलं असणारच. चिक्कीच्या कारखान्यात पुड्या बांधणारा पोरगा आज 'नूर मंडप डेकोरेटर्स'चा मालक आहे. खंडाळ्यापासून मळवलीपर्यंत लग्न कुणाचंही असो, खुर्ची माझी असते. कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही हे ज्याला कळतं, त्याला गाव कळतं. तर गाव गोळा करायचं काम मी घेतलं.

आता अडचण ऐक. संग्रहालयातली आपली तांब्याची देग (बरं, तू दिलेली देग) गुरुजींच्या काळापासून गावात फिरते, हे तुला ठाऊक आहे. ज्याच्या घरी लग्न, तो चार माणसं आणि बांबू घेऊन येतो, देग नेतो, आतून कल्हई करून भात शिजवतो, घासून परत आणतो. परत आणताना तळाला मूठभर तांदूळ. देग रिकामी यायची नाही. गुरुजी म्हणायचे, वस्तू संग्रहालयाची आणि काम गावाचं.

सुहास साहेबांच्या संस्थेचा नियम वेगळा आहे. एकदा वस्तूवर नंबर पडला की ती आवाराबाहेर जात नाही. देगेवर नंबर पडलाय. पांढऱ्या रंगात, कडीच्या खाली, बारीक अक्षरात. चिमाबाईनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "देगंचं आधार कार्ड काढलं व्हय रं?"

हसले सगळे, पण म्हातारी हसली नाही. तिची नात चैताली, म्हणजे आपल्या प्रदीपची मुलगी, तिचं लग्न तेवीस फेब्रुवारीला आहे. सभेत चिमाबाई उभी राहिली आणि म्हणाली, "देवळाची भांडी आमच्या वस्तीला मिळत नव्हती. मुलाण्याची देग मिळायची. माझं लगीन तीत शिजलं, प्रदीपचं शिजलं. नातीचं दुसऱ्या भांड्यात शिजवायचं आसंल, तर मला त्या दिशी कुटंतरी गावाला धाडा."

साहेबांनी विचारलं, वस्तू देताना अशी काही अट होती का? कोण सांगेल? गुरुजी तर नाहीत. तेव्हा मी उठलो आणि छाती पुढे काढून म्हणालो, "देणारी आहे ना! माझी सख्खी बहीण. पुढच्या सभेला ती स्वतः येऊन सांगेल."

टाळ्या पडल्या, आपा. टाळ्या पडल्यावर माणूस खाली कसा बसणार, तूच सांग.

सभा दोन फेब्रुवारीला आहे. गाडी मी पाठवतो. एसी आहे.

महंमद


लोणावळा
२७ जानेवारी

आपा,

उत्तर नाही. ठीक. पोस्टाचा भरवसा नाही असं समजतो आणि पुढचं लिहितो, कारण इथं प्रकरण बिघडलंय.

साहेबांनी मागच्या रविवारी लोकसहभाग दिन ठेवला होता. सकाळी पुरुषांना रंगीत चिठ्ठ्या दिल्या. 'या वस्तूंशी तुमचं नातं काय, ते लिहा.' पोरांनी वाचून दाखवल्या तेव्हा मी बाजूलाच होतो. 'टाकी गळते.' 'बस फाट्यावर थांबत नाही.' 'संग्रहालयात पंखा पाहिजे.' एकानं लिहिलं होतं, 'नातं चांगलं आहे.' आणि बाकी ढिगानं एकच: 'देग कधी मिळणार?'

साहेब हसले, म्हणाले, हेही उत्तरच आहे. तोवर सगळं बरं चाललं होतं.

दुपारी बायकांना बोलावलं होतं. साहेबांनी कर्ण्यावरून सांगितलं, "आज वस्तूंना हात लावायला परवानगी आहे. या, तुमचंच घर समजा." आणि पुण्याहून फोन आला म्हणून ते मागच्या पडवीत गेले. मी मांडवाचे बांबू मोजायला लोणावळ्याला आलो होतो.

आता मला सांग, आपलं घर समजा म्हटल्यावर बायका काय करणार? घराचं छप्पर नवं झालंय, भिंती सारवल्यात, आणि भांडी अशी काळी? सरपंचांची सून घरी जाऊन चिंच घेऊन आली. कुणी राख आणली, कुणी काथ्या. चिमाबाई देगेपाशी बसून गडवा-गडवा पाणी घालत होती. साहेब फोन संपवून आले तेव्हा तांब्याची पराती, हंडे, समया, सगळं दिवाळीसारखं लखलखत होतं आणि देग तर उन्हात डोळ्यांवर येत होती. नंबरही गेला घासून.

मी परतलो तर साहेब पायरीवर डोक्याला हात लावून बसलेले. बायका समोर उभ्या, ओल्या हातांनी, कौतुकाची वाट बघत. सरपंचांची सून मला म्हणते, "भाऊ, साहेबांना विचारा ना, आवडलं का?"

त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. तांब्यावर जो काळा-हिरवा थर येतो, तो काळानं दिलेला असतो. तो एकदा गेला की कुणाच्या बापाला परत आणता येत नाही. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे तो थर राहिला तर सासू माहेरी धाडते. ते हसले नाहीत. मग बायकांपाशी जाऊन म्हणाले, "छान झालंय. खूप मेहनत घेतलीत." तेव्हापासून मला तो माणूस आवडतो.

पण पुण्याला फोटो गेलेच. संस्थेतली मोठी माणसं चिडलीत. म्हणतात, या लोकांच्या हातात काही द्यायचं नाही, सगळं काचेत घाला आणि कुलूप लावा. दोन तारखेची सभा शेवटची. त्या दिवशी ठरेल ते ठरेल. देग काचेत गेली, की गेली.

प्रदीप काल दुकानात आला होता. तळेगावच्या कंपनीत सुपरवायझर आहे, चार शब्द कमीच बोलतो. म्हणाला, "भाऊ, आईला मी कसं सांगू? तुमची भांडी आहेतच, त्यात शिजवू. पण ती जेवायची नाही त्या दिवशी." मी म्हटलं, माझी भांडी चांगली आहेत. तो म्हणाला, "चांगलीच आहेत की."

त्याचं ते 'की' मला दिवसभर पुरलं.

तुला वाटत असेल, महंमदला देगेचा एवढा पुळका कधीपासून? तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. अब्बा गेले तेव्हा आपल्या घरात वजनदार अशा दोनच गोष्टी उरल्या होत्या, देग आणि तू. अम्मीनं देग तुझ्या नावानं ठेवली. मी धंदा सुरू करणार होतो, हातगाडीवर चार पातेली होती. देग असती तर पहिल्या वर्षी मोठी लग्नं धरली असती. तू मिरजेहून आलीस, गुरुजींना बोलावलंस आणि देऊन मोकळी झालीस. मी भाडं घेतलं असतं, हे खरं. घेतलंच असतं. भाडं घेणं म्हणजे काही चोरी नाही.

आणि चौतीस वर्षांपूर्वी माझ्या निकाहाला मी लोणावळ्याहून भांडी आणली, तीही चांगलीच होती. देग नको, असं मी म्हणालो होतो. तू नको, असं म्हणालो नव्हतो. पण निरोप नेणारानं काय नेलं आणि तू काय घेतलंस, ते तुम्हां दोघांना माहीत. तू आली नाहीस. त्यानंतर दोन मयतींना एकाच अंगणात उभे होतो; तू बायकांत, मी बाप्यांत. मी मान वर केली नाही, तूही केली नसशील.

असो. हा विषय मी काढणार नव्हतो.

दोन तारखेला सकाळी अकरा वाजता. माझ्यासाठी येऊ नकोस. चिमाबाईसाठी ये.

महंमद


औंढे
३ फेब्रुवारी

आपा,

तू आली नाहीस आणि तरी आलीस. काल जे झालं ते तुझ्या बाजूनं तुला ऐकू आलं असेल. माझ्या बाजूनं कसं दिसलं ते लिहितो.

संग्रहालयाच्या अंगणात सगळं गाव होतं. पुण्याहून संस्थेचे दोन पाहुणे आले होते, इस्त्रीचे कपडे, हातात बाटलीचं पाणी. देग मध्ये ठेवली होती, दोरी बांधून. मी फाटकाकडे बघत होतो. साडेअकरा झाले. साहेबांनी विचारलं, "मुलाणी, तुमच्या भगिनी?" मी म्हटलं, खंडाळ्याच्या घाटात ट्राफिक असेल. मिरजेहून येताना तो घाट लागत नाही हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी गावानं माझी तेवढी लाज राखली.

मग चिमाबाईनं पदरातून मोबाईल काढला. चैतालीला म्हणाली, "लाव गं तो. मोठ्यानं वाजंल असा लाव." आणि कर्ण्याच्या माइकपाशी धरला.

"हॅलो" एवढंच तू म्हणालीस आणि मी ओळखलं. चौतीस वर्षांनी, त्या घरघरत्या कर्ण्यातून, पहिल्या शब्दाला. सुहास साहेबांना कुजबुजलो, "ही माझी आपा." आमच्या धंद्यात कान लागतात. सनईवाल्याचा श्वास चुकला तरी मला कळतं, खुर्ची ओढल्याचा आवाज आला की व्याही रागावलाय की भुकेलाय ते सांगतो. माणूस दारात यायच्या आधी मी नाव घेतो. नूर म्हणते, तुमच्यासमोर पाऊल वाजवायची सोय नाही.

तू बोललीस ते गावाला पाठ झालंय. "मी ताजुन्निसा. देग म्या गुरुजींना बघायला दिली नव्हती, राखायला दिली व्हती. ज्याला लागंल त्यानं न्यावी, कुनाच्या दारात जाऊन मागाय लागू नये, म्हनून शाळेत ठिवली." इथं थांबली असतीस तरी चाललं असतं. पण तू पुढे म्हणालीस, "घरात ठिवली आस्ती तर आमच्या महंमदनं भाडं लावलं आस्तं."

सगळं अंगण हसलं. पुण्याचे पाहुणेसुद्धा. मीही हसलो. धंद्यात हसावं लागतं.

तू फोन ठेवल्यावर पाहुण्यांपैकी एक जण उठला. म्हणाला, बाईंच्या भावनेचा आदर आहे, पण नियम तो नियम. बाहेर नेलेल्या वस्तूला धक्का लागला तर विमा कोण देणार? आणि भांडी कशी घासली गेली ते आपण पाहिलंच आहे. बायकांनी माना खाली घातल्या. सरपंचांची सून तर रडकुंडीला आली. चिमाबाई देगेकडे बघत राहिली. तेच मला जड गेलं.

आता माझे कान कामाला आले. सकाळी हेच पाहुणे पडवीत फोनवर कुणाला तरी सांगत होते, "आवाराच्या आत असेल तोवर काही प्रश्न नाही हो, बाहेर गेली की भानगड." मी खांबाआड खुर्च्या लावत होतो. खुर्च्या लावणाऱ्याकडे कुणी बघत नाही.

मी उठलो. म्हटलं, "साहेब, देग बाहेर न्यायची असं कोण म्हणतंय?"

पाहुणे गोंधळले. "मग हे सगळे काय म्हणतायत?"

"देग बाहेर जाणार नाही. चूल आत येईल. लग्न विहारात लागेल, पंगत इथं अंगणात बसेल. देग जागची हलायची नाही."

मग मागून कुणीतरी शिटी वाजवली. चिमाबाई म्हणाली, "आयला म्हमद्या, तुला डोकं बी हाय!"

पाहुणे कल्हईवर अडले. जुन्या वस्तूवर नवा धातू चढवायचा नाही म्हणाले. मी म्हटलं, कल्हई नसलेल्या तांब्यात भात कळकतो, वऱ्हाड आजारी पडेल. तेव्हा सुहास साहेब पहिल्यांदा आमच्या बाजूनं बोलले, आणि आपल्याच माणसांशी. "या देगेला वर्षानुवर्षं कल्हई होत आलीय. ती थांबवली तर आपण देग जतन करत नाही, देगेचा वापर संपवतो. मी तसं लेखी देतो. माझ्या जबाबदारीवर यंदा एकदा करून बघू."

यंदा एकदा. वाळूच्या बादल्या, पाण्याचे ड्रम, चूल इमारतीपासून लांब, या अटी. लग्नात काही वाकडं झालं तर दुसऱ्या दिवशी काच. म्हणजे अजून तलवार टांगलेलीच आहे, पण आता निदान देगेत तांदूळ पडतील.

तुझा आवाज जरा बसलाय. गुळण्या कर.

महंमद


औंढे
२५ फेब्रुवारी

आपा,

लग्न झालं. सगळं सांगतो, कारण रमजान तोंडावर आलाय आणि मग लिहायला बसणं होत नाही.

कल्हईवाला तळेगावात मिळाला, म्हातारा, आता बहुतेक रिकामा असतो. आदल्या दिवशी अंगणात भाता लावून बसला. गावातली पोरं मोबाईल घेऊन भोवती. नवसागराचा धूर उठला, कापसाचा बोळा फिरला आणि देग आतून चांदीची झाली. सुहास साहेब वाकून वाकून बघत होते. म्हाताऱ्यानं त्यांना दम दिला, "सायेब, तोंड मागं घ्या, नाकात जाईल."

मंडप माझा, खुर्च्या माझ्या, ताटं माझी. सवलत दिली. किती ते प्रदीपला विचार. मी सांगणार नाही. माझी मोठी पातेली गाडीतच राहिली, वरण-भाजीपुरती दोन उतरवली.

बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, वरात विहारातून संग्रहालयात आली. चैताली पांढऱ्या साडीत फाटकातून आत आली ती सरळ देगेपाशी. चिमाबाईनं तिला पहिली मूठ तांदूळ सोडायला लावले. म्हातारी देगेच्या काठाला हात लावून उभी राहिली. गरम होता, कुणीतरी तिचा हात काढला.

एक घोटाळा झालाच. पंगती सुरू झाल्या आणि वाढपी कमी पडले. माझी माणसं मळवलीच्या एका बंगल्यावर दुसऱ्या कामाला होती. हे माझं चुकलेलं गणित. भात शिजून तयार, माणसं पानावर, आणि पुण्याच्या पाहुण्यांपैकी एक जण घड्याळ बघतोय. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बादली उचलली. चौतीस वर्षं मी लग्नांत खुर्चीवर बसून बोट दाखवतो. वाढायला वाकलो नव्हतो. सुहास साहेबांनी वरणाची बादली घेतली. सरपंचांची सून आणि तिच्याबरोबरच्या सगळ्या बायका, त्या चिंचवाल्या, मीठ-लिंबू घेऊन धावल्या. वाढताना माणूस ताटाकडे बघतो, तोंडाकडे नाही. भात, भात, बास, अजून थोडा, बास.

पुण्याचे पाहुणे दोनदा भात घेऊन उठले. जाताना साहेबांना म्हणाले, असं असेल तर अंगणातली पंगत नियमात बसवू. दर लग्नाच्या आधी कळवायचं, कल्हई साहेबांच्या देखत, देग आवारातच. काच इतर वस्तूंना. देग आता काचेत जाणार नाही, आपा. एप्रिलमधल्या तीन घरांनी नावं लावलीत. त्यातलं एक देशमुखांचं आहे. त्यांच्याकडे भांड्यांचं आख्खं कपाट आहे, तरी.

संध्याकाळी देग घासली. तळाला तांदूळ ठेवायचे होते, प्रदीपनं माझ्यापुढे मूठ धरली, म्हणाला, "भाऊ, तुम्ही टाका." मी टाकले.

आज सकाळी चिमाबाईकडे चहाला गेलो. म्हटलं, सगळं झालं, फक्त आपा तेवढी आली नाही. ती दाढेखालची सुपारी थुंकून म्हणाली, "आली नाही कसं? पाटंच्या गाडीनं पोरानं आनली व्हती तिला. माझ्या घरी उतरली. लग्नाला व्हती, जेवायलाबी व्हती. दुपारच्या गाडीनं गेली."

मी म्हटलं, मला भेटली का नाही?

"म्हनली, म्हमद वाढतूय का हिशोब करतूय तेवढं बघायचंय."

मग तिनं कुठं बसली होतीस ते सांगितलं. तिसऱ्या पंगतीत, आंब्याच्या बाजूला, सरपंचांच्या सुनेशेजारी. ती पंगत मीच वाढली. भात तुझ्या ताटात मीच घातला. तू "बास" म्हणालीस, आणि मी पुढच्या ताटाकडे गेलो.

महंमद